मिरकरवाड्याच्या दिव्यांच्या शेपट्या

मांडवीच्या जेटीवर रात्री उभं राहिलं की उजव्या हाताला मिरकरवाडा दिसतो. नांगरलेल्या बोटींचे दिवे, त्यांच्यामागे रत्नदुर्गाची काळी कड आणि वर दीपगृहाचा झोत. बोटीच्या प्रत्येक दिव्याखाली पाण्यात उजेडाची एक लांब, थरथरती रेघ असते. लहानपणापासून ती बघत आले, आणि तिचं कधी नवल वाटलं नाही. पाण्यात प्रतिबिंब पडणारच.

एकोणिसाव्या वर्षी एका अमावास्येला दादाबरोबर जेटीवर गेले होते. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की दीपगृहाच्या दिव्यालाही खाली शेपटी आहे. तो दिवा तर डोंगरावर, त्याच्याखाली पाणी नाही, कातळ आहे. मी उजवा डोळा झाकला, शेपटी लांबली. डावा झाकला, शेपटी गेली. मग एकेक बोट तशीच तपासली. पाण्यातल्या रेघा दोन्ही डोळ्यांना दिसत होत्या, पण डाव्या डोळ्याला प्रत्येक दिव्यापासून पाण्यापर्यंतच्या मोकळ्या अंधारातही फिकट उजेड सांडलेला दिसत होता. इतकी वर्षं मी त्याला समुद्राचं प्रतिबिंब समजत होते.

चष्म्याचं दुकान दर सहा महिन्यांनी डाव्या डोळ्याचा सिलिंडरचा नंबर वाढवून देत होतं, आणि नवा चष्मा घातला तरी शेपटी तशीच. दोन वर्षांनी पुण्यात एमएस्सी करताना एका डॉक्टरीणबाईंनी बुबुळाचा नकाशा काढला आणि नाव सांगितलं, केराटोकोनस. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. या विकारात तो पातळ होतो आणि बहुतेकदा मध्याच्या जरा खाली शंकूसारखा पुढे येतो. नकाशात तो भाग लालभडक दिसत होता. आजार वाढू नये म्हणून रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण यांचा उपचार झाला, तो थांबला. पण आकार जो झाला तो झाला.

तेव्हापासून मी कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. लेन्सची पुढची बाजू नीट गोल असते आणि लेन्स व कॉर्निया यांच्यामधल्या फटीत अश्रू भरतात. अश्रूंचा अपवर्तनांक 1.336 आणि कॉर्नियाचा 1.376, इतके जवळ की प्रकाशाला कॉर्नियाचा वेडावाकडा पृष्ठभाग जवळजवळ जाणवतच नाही. पाण्यात काचेचा तुकडा पडला तर चटकन दिसत नाही, तसंच हे. लेन्स घातली की शेपट्या जातात. रात्री काढून ठेवली की परत येतात. डोळ्यात बारीक वाळू गेली तर दिवसाही काढावी लागते, आणि आमच्याकडे वारा असला की वाळू जातेच.

मी इथल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. प्रकाशकीचा तास घेताना फळ्यावर विपथनांची, म्हणजे भिंगांच्या चुकांची, चित्रं काढते आणि त्यांतला कोमा काढायची वेळ आली की माझा हात आपोआप मिरकरवाड्याचा दिवा काढतो: वर ठळक ठिपका, खाली पसरत गेलेली शेपटी. हा माझा आकार मोजावा, त्याचा उलटा आकार करून प्रकाशाला द्यावा आणि लेन्सशिवाय दिवा एकदा दिव्यासारखा पाहावा, असं मनात फार वर्षं होतं. गेल्या पावसाळ्यात ते झालं. त्याचीच ही हकिगत. जरा सविस्तर लिहिते, कारण मराठीत हे सापडलं असतं तर माझी बरीच धडपड वाचली असती.

आधी मूळ कल्पना. लांबच्या दिव्याचा प्रकाश डोळ्याशी येतो तेव्हा त्याचं तरंगाग्र, म्हणजे प्रकाशाच्या लाटेची पुढची कड, जवळजवळ सपाट असतं. डोळ्याने ते वाटीसारखं वाकवायचं, म्हणजे सगळ्या बाजूंनी आत येत ते दृष्टिपटलावर एका बिंदूत मिटतं. वाटीला पोचा असेल तर बिंदू होत नाही. पोचा किती मोठा असला तर बिघडतं? हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रॉन. तिचा पाव हिस्सा एवढी चूकसुद्धा जाणवू लागते. हबल दुर्बिणीची गोष्ट मी मुलांना दर वर्षी सांगते. 2.4 मीटरचा आरसा, कडेला जेमतेम 2.2 मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला, आणि 1990 मध्ये वर गेलेल्या दुर्बिणीचे सगळे तारे धूसर दिसले. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी तिला दुरुस्तीची प्रकाशकी बसवली. त्या प्रकाशकीच्या आरशांत तीच चूक मुद्दाम उलटी घडवलेली होती. पोचा आलेल्या वाटीला आतून तेवढाच ठोका.

हबलची चूक एक आणि कायमची, म्हणून तिला घासून केलेला आरसा चालला. माझा आकार मला ठाऊक नव्हता. मला असा पृष्ठभाग हवा होता की ज्याचा आकार मी संगणकावरून हवा तसा बदलू शकेन. अशी वस्तू असते. तिला स्पेशियल लाइट मॉड्युलेटर म्हणतात, प्रयोगशाळेत नुसतं एसएलएम. आतमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर आणि त्याखाली लाखो सूक्ष्म चौकोन, प्रत्येकाला वेगळा विद्युतदाब देता येतो. चांगल्या यंत्रात 1920 गुणिले 1080 चौकोन, प्रत्येक 8 मायक्रॉनचा. किंमत लाखांत. ती आमच्या आवाक्याबाहेरची.

पण द्रवस्फटिकाचे असेच तीन पडदे आमच्या वर्गातल्या प्रोजेक्टरमध्ये होते. तांबडा, हिरवा, निळा, प्रत्येकाला एक. तो प्रोजेक्टर दोन पावसाळ्यांत संपला. खारी हवा, भिंगावर बुरशीची जाळी, दिवा गेलेला. निर्लेखनाच्या यादीत त्याचं नाव आलं तेव्हा मी प्राचार्यांकडे अर्ज केला, सही झाली आणि तो घरी आणला.

दिवा नसताना प्रोजेक्टर चालूच होत नाही. दिवा पेटल्याची खूण आतल्या बोर्डाला मिळाली नाही की तो बंद होतो. ती खूण खोटी द्यावी लागते. त्या भागात काही काळ मोठा विद्युतदाब साठून राहतो, म्हणून अनुभव नसलेल्याने तिथे हात घालू नये. मी घातला नाही. मिरकरवाड्यात बोटींचे फिशफाइंडर आणि जीपीएस दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. मासेमारीची पावसाळी बंदी असल्याने त्यांच्याकडे काम नव्हतं. त्यांनी प्रोजेक्टर उघडला, बोर्डावरचा हिरवट थर ब्रशने आणि स्पिरिटने साफ केला आणि दिव्याचा प्रश्न अर्ध्या तासात मिटवला. पडद्याची चपटी केबल चार बोटं लांबीची. मी ती हलकेच बाहेर घेऊ पाहत होते, तर म्हणाले, "मॅडम, ओढू नका तिला. एक वीत वाढवून देतो मी." दुसऱ्या दिवशी हिरव्याचा पडदा जोडलेल्या केबलसकट माझ्या हातात होता, टपाल तिकिटाहूनही लहान. 1024 गुणिले 768 चौकोन, प्रत्येक साधारण 14 मायक्रॉनचा.

आता या पडद्याच्या पोटात काय चालतं ते सांगते, कारण मला या सगळ्यात सगळ्यात प्रिय भाग तोच आहे.

द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखे लांबट. साध्या द्रवात काड्या कशाही पडलेल्या असतात, स्फटिकात जागच्या जागी रांगेत. द्रवस्फटिकात त्या वाहतात, जागा सोडतात, पण तोंडं एका दिशेला ठेवतात. तारल्यांचा थवा पाण्यात जातो तसं. 1888 मध्ये प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ दोनदा वितळताना दिसला. 145.5 अंशांना त्याचं गढूळ पाणी झालं आणि 178.5 अंशांना ते गढूळ पाणी नितळ झालं. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे हे द्रवस्फटिक. (काडीसारख्या रेणूंबरोबर चकतीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे 1977 मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. हे मी तासाला आवर्जून सांगते.)

अशा काडीच्या लांबीच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश जरा हळू जातो, आडव्या दिशेने कंप पावणारा जरा वेगाने. दोन अपवर्तनांकांतला फरक साधारण 0.2. तीन मायक्रॉनचा थर घेतला तर फरक 0.6 मायक्रॉन, म्हणजे हिरव्या प्रकाशाची एक अख्खी तरंगलांबी. काडी वळवली की तेवढा उशीर कमी होतो. कुठे किती उशीर हे आपण ठरवायचं, म्हणजे तरंगाग्राला कुठे किती पोचा हे आपण ठरवायचं.

आणि काडी वळते कशी? भाट्याच्या खाडीत नांगरलेल्या होड्या बघाव्यात. भरती लागली की सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, ओहोटी लागली की आतल्या बाजूला. कोणी वल्हं मारत नाही, पाण्याची ओढच त्यांना वळवते. पण धक्क्याला दोन्ही टोकांनी बांधलेली होडी वळत नाही. तिच्या शेजारची थोडी वळते आणि खाडीच्या मध्यातली पूर्ण फिरते. द्रवस्फटिकात अगदी असंच. काचेला चिकटलेले रेणू बांधलेले, मधले मोकळे. दाब दिला की मधले सगळ्यात जास्त वळतात. दाब काढला की बांधलेल्यांच्या ओढीने बाकीचे हळूहळू मूळ दिशेला येतात. हे "हळूहळू" म्हणजे काही मिलिसेकंदांपासून पाच-पन्नास मिलिसेकंदांपर्यंत, आणि तो या यंत्राचा मोठा उणेपणा आहे. वातावरणाची थरथर दर सेकंदाला शेकडो वेळा सुधारायची असेल तर खगोलशास्त्रज्ञ लवचीक आरसा घेतात. मला आधी जी जुनी काच तपासायची होती ती आणि माझा कॉर्निया पळून जाणारे नव्हते.

दुसरा उणेपणा असा की एका तरंगापेक्षा जास्त उशीर पडदा देऊ शकत नाही. पण एकरंगी प्रकाशाला एक अख्खा तरंग मागे पडणं आणि अजिबात न पडणं सारखंच. म्हणून मोठा उतार असेल तर तो एका तरंगापर्यंत चढवायचा, मग शून्यावर आणायचा, पुन्हा चढवायचा. आजोळी डोंगरउतारावरचे कुणगे असेच आहेत, एकेक पायरी. दीपगृहाच्या भिंगाची वलयंही अशाच विचारातून आली: भिंगाचा फक्त बाक ठेवायचा, मधली निरुपयोगी जाडी काढून टाकायची. संगणकाच्या पडद्यावर ही आकृती उमटते तेव्हा करड्या रंगाच्या वलयांचं सुंदर चित्र दिसतं. आमच्या पुस्तकात या उशिराला "कला" म्हणतात. चंद्राच्या कला आणि तरंगाच्या कला, एकच शब्द. दोन्हींत पूर्ण फेरा झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून मला तो आवडतो.

माझं टेबल म्हणजे पडवीतल्या कोपऱ्यात स्कूटरची अर्धवट हवा भरलेली ट्यूब, तिच्यावर दोन जांभ्याचे चिरे, त्यांच्यावर कडप्प्याची फरशी. चिऱ्याची तांबडी धूळ भिंगांवर बसू नये म्हणून चिरे प्लास्टिकमध्ये गुंडाळले. तरी आगरातला पंप चालू झाला की ठिपका नाचायचा, म्हणून काम रात्री. भिंगं आणि पडदा आठवडाभर पेटता बल्ब ठेवलेल्या कपाटात. हे कपाट मुळात आईच्या रेशमी साड्यांसाठी आहे.

हिरव्या लेझरचा किरण रुंद करून साधारण 10 मिलिमीटरचा केला, एक पोलरॉइड (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी पट्टी), पडदा, दुसरा पोलरॉइड, मग 50 सेंटिमीटर नाभीय अंतराचं भिंग आणि शेवटी भिंग काढलेला वेबकॅम. प्रोजेक्टरच्या पडद्यात रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत पीळ घेत जातात, त्यामुळे दाब बदलला की उशिराबरोबर उजेडही कमीजास्त होतो. मला नुसता उशीर हवा होता. दोन पोलरॉइडांना कंपासपेटीतले कोनमापक चिकटवले आणि एकेक जोडी फिरवून पाहत बसले. पडद्याच्या दोन अर्ध्या भागांपुढे दोन बारीक भोकं ठेवली की पलीकडे काळेपांढरे पट्टे पडतात. एका अर्ध्याचा करडा रंग बदलला की पट्टे सरकतात. पट्टे खूप सरकतील पण उजेड फारसा बदलणार नाही अशी जोडी शोधायची. तीन रात्री गेल्या. एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्या काळ्या पट्ट्यापर्यंत एक घर, म्हणजे एक अख्खा तरंग. लाल लेझरवर पट्टे निम्म्या घराच्या जरा पुढेच गेले, हिरव्यावर पाऊण घराच्या पुढे. पूर्ण घर मिळालं नाही. म्हणजे काही प्रकाश न सुधारता सरळ जाणार. त्याला बाजूला ठेवण्यासाठी मी प्रत्येक आकृतीत दहा चौकोनांचा एक उतार मिसळला. त्याने सुधारलेला ठिपका 1.9 मिलिमीटर बाजूला सरकतो आणि न सुधारलेला जागीच राहतो.

इथे दोन गोष्टी लिहून ठेवते. प्रोजेक्टरचं कीस्टोन, म्हणजे तिरपं पडलेलं चित्र चौकोनी करण्याची सोय, बंद करा. ते चालू असेल तर आपल्या चौकोनाचं चित्र त्याच्या चौकोनावर बसत नाही, शेजाऱ्यांत मिसळतं. आणि वेबकॅमचं आपोआप उजेड जुळवणं बंद करा. हे मला कळेपर्यंत दोन रात्री वाया गेल्या. मी ठिपका सुधारायचे, कॅमेरा तो "फार उजळ" म्हणून मंद करायचा, आणि माझ्या तक्त्यात सगळे आकडे एकसारखे.

डोळ्याआधी काहीतरी निर्जीव हवं होतं. आडिवऱ्याला आजोळच्या घराला मामाने ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या तेव्हा मी एक जुनं तावदान मागून घेतलं होतं. माजघराच्या खिडकीचं. त्यातून बाहेर पाहताना डोकं जरा हलवलं की मागच्या पोफळी लाटेसारख्या वळायच्या. आजी म्हणायची, ही काच गलबतातून मुंबईहून आली. जुनी काच शंभर वर्षांत खाली ओघळते म्हणून अशी होते, असं लोक सांगतात. ते खरं नाही. पूर्वी काच फुंकून नळकांडं करायचे, ते कापून उलगडायचे, आणि ती सपाट करताना लाटा राहायच्या. ती काच जन्मापासून तशीच आहे. मला हे विलक्षण वाटतं: घट्ट दिसणाऱ्या काचेत रेणूंना ना दिशा ना रांग, आणि वाहणाऱ्या द्रवस्फटिकात शिस्त.

तावदानाचा एक हातभर तुकडा किरणात उभा केला. भिंगाच्या नाभीवर सुमारे 65 मायक्रॉनचा गोल ठिपका पडायला हवा होता. पडलं ते वाकडं, दोन पायांचं, धुरासारखं.

हे सुधारायला आधी मोजायला हवं. मोजण्याची जुनी पद्धत हार्टमानची, 1900 च्या सुमाराची: भोकं पाडलेला पत्रा ठेवायचा आणि प्रत्येक भोकातून आलेला ठिपका आपल्या जागेपासून किती सरकला ते पाहायचं. शॅक यांनी 1971 मध्ये भोकांऐवजी इवलीशी भिंगं लावली. ती भिंगं माझ्याकडे नव्हती. म्हणून मी मोजमाप न करता विचारत जाण्याची पद्धत घेतली.

डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके (1953 चं नोबेल त्यांना फेज कॉन्ट्रास्टसाठी मिळालं) यांनी 1934 मध्ये गोल भिंगाच्या चुकांसाठी आकारांची एक मालिका दिली. कलणं, फोकस चुकणं, अस्टिग्मॅटिझम (दोन दिशांना वेगवेगळा बाक), कोमा, गोलीय विपथन, आणि पुढे अधिकाधिक गुंतागुंतीचे. कुठलंही वेडंवाकडं तरंगाग्र या आकारांची बेरीज म्हणून लिहिता येतं आणि एकाचं माप दुसऱ्यात मिसळत नाही. हाच त्यांचा मोठेपणा. म्हणून एकेक आकार स्वतंत्र विचारता येतो. पडद्यावर थोडा उलट कोमा, मग शून्य, मग थोडा सुलट. तीनदा ठिपक्याचा मध्य किती उजळ ते पाहायचं. तीन आकड्यांतून एक पॅराबोला जातो, त्याचं टोक जिथे, तिथे त्या काचेचा कोमा मिटतो. शून्याचं चित्र सगळ्यांना एकच, म्हणून बारा आकारांना पंचवीस चित्रं पुरतात.

पहिल्या फेरीत धुरातून ठिपक्याचा आकार दिसू लागला. दुसऱ्या फेरीत दोन पाय एकमेकांत गेले. तिसऱ्या फेरीनंतर बाहेर पाऊस कोसळत होता, आणि माझ्यासमोर गोल ठिपका, त्याच्याभोवती एक पुसट वलय. ते वलय म्हणजे विवर्तनाचं, प्रकाश कडेशी जरा पसरतो त्याचं. ते दिसलं म्हणजे काचेचं सगळं फेडून झालं, उरला तो प्रकाशाचा स्वभाव. मी संगणकावरची आकृती उघडून बराच वेळ पाहत बसले. त्या करड्या वलयांत माजघराच्या तावदानातली लाट होती, उलटी. मग लाईट गेली.

डोळ्यासाठी लेझर वापरायचा नाही, कितीही मंद असो. हे सगळ्यांसाठी लिहिते आहे. मी हिरवा एलईडी घेतला, त्यापुढे सुईने पाडलेलं भोक, आणि तो इतका मंद केला की अंधारातच दिसेल. पडदा आणि डोळा यांच्यामध्ये दोन भिंगं अशी की पडद्याची प्रतिमा बरोबर बाहुलीवर पडेल. हनुवटीला पुस्तकांची चवड, कपाळाला लाकडी पट्टी. स्पेनमध्ये मुर्सिया विद्यापीठात पाब्लो आर्ताल यांच्या गटाने द्रवस्फटिक वापरून असं यंत्र नीट, डौलदार बनवलं आहे. त्यात माणसाला शस्त्रक्रियेआधीच पुढे कसं दिसेल ते दाखवता येतं. माझं यंत्र जांभ्याच्या चिऱ्यांवरचं, पण आतलं तत्त्व तेच.

त्याआधी मी आणखी एक गोष्ट करून पाहिली. काळ्या कार्डाला सुईने तीन ओळींत नऊ भोकं पाडली, एकेक मिलिमीटरवर, आणि डाव्या डोळ्याला धरून तो मंद ठिपका पाहिला. नऊ ठिपके दिसले. वरच्या दोन ओळी जवळजवळ एकमेकींवर, खालच्या ओळीतले तीन खाली निसटलेले. माझी शेपटी तीन ठिपक्यांत सुटी होऊन समोर होती. कॉर्नियाच्या खालच्या भागातून आलेला प्रकाश वेगळीकडे जात होता. डॉक्टरीणबाईंच्या नकाशातला लाल भाग.

मग कार्ड काढलं. कीबोर्डच्या वरच्या बाणाने कोमा वाढेल, खालच्या बाणाने घटेल अशी सोय केली होती. पहिले चार वेळा बाण दाबला आणि शेपटी लांबत गेली. मधली दोन भिंगं प्रतिमा उलटी करतात हे मी हिशेबात धरलं नव्हतं. खालचा बाण धरला. शेपटी आखडली. आणखी. ती रुंदावली, वर सरकली, ठिपक्याच्या आजूबाजूला गोळा झाली. मग थोडा अस्टिग्मॅटिझम, पुन्हा कोमा. डोळ्याची उघडझाप झाली की अश्रूंचा थर बदलतो, क्षणभर सगळं विस्कटतं आणि परत जुळतं. त्या जुळण्याच्या मध्ये, सेकंद-दीड सेकंद, डाव्या डोळ्याला लेन्स नसताना एक ठिपका दिसत होता. शेपटी नसलेला. वहीत आकडा लिहिला, 0.6 तरंग, आणि हात थरथरल्याने तो पुन्हा लिहावा लागला.

बऱ्याच वेळाने आई पडवीत आली. "काय गं, जेवायला येतेस की नाही?" मी म्हटलं, इथे बस, डावा डोळा लाव. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्या डोळ्याने ती सुईत दोरा ओवते. तिने हनुवटी पुस्तकांवर टेकवली.

"ठिपका आहे. पण वर काहीतरी सांडल्यासारखं आहे त्याला."

वर. पडद्यावर माझी दुरुस्ती अजून चालू होती. माझ्या डोळ्याची चूक उलटी केलेली, आणि आईच्या चांगल्या डोळ्याला ती तशीच, उलटी, दिसत होती. मी दुरुस्ती शून्यावर आणली. "आता?"

"आता स्वच्छ."

मग मी बाण उलट्या दिशेला धरला, आकडा शून्याच्या पलीकडे तेवढाच नेला, 0.6 पर्यंत, आणि थांबले. आईने मान हलवली नाही. पुस्तकांची चवड जरा सरकली होती, ती तिने एका हाताने धरली.

"दिव्यांना हे असं दिसतं तुला? मिरकरवाड्याच्या?"

"लेन्स नसताना."

"लहानपणीपण?"

"हळूहळू झालं असेल. कळलं एकोणिसाव्या वर्षी."

ती पाहत राहिली. मी बाजूला उभी होते, पाऊस कौलांवरून खळ्यात पडत होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "परत स्वच्छ कर बघू," मी केलं, आणि मग म्हणाली, "आता पुन्हा तुझं दाखव."